तांबेगावचा भूकंप

२०४१ सालच्या ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर, सरणा नदीच्या काठावर एक लांबलचक चर खणला गेला. दोन पुरुष खोल. तांबेगावच्या लोकांची आधी समजूत झाली की नवी पाइपलाइन येतेय. मग कळलं की आत पाइप काही टाकत नाहीत. एक बाई शिडीने खाली उतरते आणि दिवसभर मातीच्या भिंतीकडे बघत बसते. तेव्हा गावाने तो विषय सोडून दिला.

ती बाई म्हणजे डॉ. फरीदा इनामदार, पुण्याच्या एका संशोधन संस्थेतली भूकंपशास्त्रज्ञ. एका गुरुवारी सकाळी तिने तांबेगाव नगरपरिषदेच्या अभियंता महानंदा बिराजदार यांना फोन केला. "मॅडम, अहवाल पाठवता आला असता. पण तुम्ही एकदा खाली उतरून बघावं असं मला वाटतं."

महानंदा तेव्हा चौपन्न वर्षांची होती. पदर खोचून ती शिडी उतरली. खाली गारवा होता आणि ओल्या मातीचा वास.

"ही काळी माती पुराच्या गाळाची," फरीदाने भिंतीवर टॉर्चचा झोत टाकला. "आणि मधला हा पांढुरका पट्टा दिसतो? ती वाळू. आता तिच्या खाली बघा."

पट्ट्याच्या मधोमध वाळूचीच एक निमुळती वाट, नरसाळ्याच्या नळीसारखी, थेट तळाकडे गेली होती.

महानंदाने तिच्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे वाळू वाहत आली नाही. खालून वर आली."

"फवाऱ्यासारखी. जमीन जोरात हलली की खालची ओली वाळू पेजेसारखी पातळ होते आणि वरची माती फोडून उसळते. इथे असे चार पट्टे आहेत. चार भूकंप, मॅडम. मोठे."

एका कोपऱ्यात काळ्या कापडाखाली शिलाई मशीनएवढं एक यंत्र ठेवलं होतं. संस्थेतले लोक त्याला कणवाचक म्हणत. त्याचं तत्त्व तसं जुनंच होतं. वाळूचा कण जमिनीत गाडला गेला की भोवतालच्या मातीतला अगदी मंद किरणोत्सार त्याच्यावर पडत राहतो, आणि कणाच्या आत वर्षानुवर्षं थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. उन्हाचा स्पर्श झाला की ती सगळी निघून जाते आणि कणाचं घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणून अंधारात जपून काढलेल्या कणावर प्रकाश टाकला, की तो स्वतः क्षणभर लुकलुकतो. आणि ते लुकलुकणं मोजलं की कळतं, या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं. पूर्वी या मोजणीत शे-दोनशे वर्षांची चूक सहज व्हायची. कणवाचक एका वेळी दहा हजार कण एकेकटे वाचायचा आणि चूक दहा-बारा वर्षांवर आणायचा. उसळून वर आलेल्या वाळूला ऊन लागलं, मग पुढच्या पुराने तिला झाकलं. भूकंपाचं साल मातीत लिहिलेलं होतंच, आता ते वाचता येऊ लागलं होतं.

"सगळ्यात वरचा पट्टा इसवी सन १३१८चा," फरीदा म्हणाली. "त्याच्या आधीची अंतरं सातशे तीस वर्षं, सातशे दहा, सातशे साठ."

महानंदाने मनात वजाबाकी केली. सातशे तेवीस. "कधी होईल?"

"तारीख सांगितली तर मला गावातून हाकलून द्या. पुढच्या तीस वर्षांत होण्याचा संभव न होण्यापेक्षा जास्त आहे, एवढंच मी छातीठोक सांगू शकते."

"आणि केवढा?"

"किल्लारीपेक्षा थोडा मोठाच."

महानंदाने वाळूवरचं बोट काढून घेतलं. फरीदाला तिची हकीकत ठाऊक नव्हती, नाहीतर तिने ते नाव जरा सांभाळून घेतलं असतं.

किल्लारीजवळच्या एका गावात १९९३ साली महानंदा सहा वर्षांची होती आणि तिचा भाऊ काशिनाथ तीन. गणपती बोळवून आलेली पोरं ओसरीत पत्र्याखाली झोपली, आईबाप आत माळवदाखाली. दगडामातीच्या दीड हात रुंद भिंती आणि वर मातीचं जडशीळ छप्पर. पहाटे चारच्या सुमाराला ते सगळं एकदम खाली आलं. पोरं वाचली. तांबेगावच्या मामाने दोघांना आणून वाढवलं. बहीण इंजिनिअर झाली, लग्न होऊन गावातच राहिली, पुढे विधवा झाली. भाऊ आधी मेस्त्री झाला, मग ठेकेदार, मग गावातला सगळ्यात मोठा बिल्डर. पंचमीला तिचं माहेर म्हणजे काशिनाथचंच घर.

त्या हिवाळ्यात महानंदाने गाव पिंजून काढलं. खांबावर धरला की आतली सळई दाखवणारा स्कॅनर घेऊन ती आणि तिचे दोन सहकारी घरोघर फिरले. दोन मजल्यांहून उंच अशा इमारतींपैकी दोनशे बारा धोक्याच्या निघाल्या. बहुतेकींचा दोष एकच होता. वर भिंतींनी गच्च भरलेले तीन-चार मजले आणि खाली गाड्या लावायला मोकळे सोडलेले बारीक खांब. जमीन हलली की वरची पेटी एकसंध राहते आणि सगळं वाकणं खालच्या खांबांच्या वाट्याला येतं. खांब मोडले की पेटी जशीच्या तशी खाली बसते. भुजच्या भूकंपात दूर अहमदाबादेतल्या अशा कितीतरी इमारती बसल्या होत्या.

दोनशे बारापैकी एकतीस इमारती काशिनाथ हत्तरगेने बांधलेल्या होत्या. सगळ्यात मोठी आणि सगळ्यात नाजूक होती 'मातोश्री'. आईच्या नावाने बांधलेली, चार मजल्यांची.

मार्चमधल्या एका रविवारी ती भावाकडे जेवायला गेली. ताटात शेंगापोळी होती, वाटीत गव्हाची गोड हुग्गी. तिने जेवण होईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण काशिनाथनेच विचारलं, "अक्का, ती यादी झाली म्हणं तुझी?"

तिने पिशवीतून कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने एका हाताने पानं उलटली.

"एकतीस? माझी एकतीस?"

"हो."

"ह्यात दगडमातीची एक तरी भिंत हाय का? एक तरी माळवद?"

"नाही रे."

"मग? आईबाप कशानं मेले आपले? मातीनं मेले. तवापासून सिमेंट आन् सळईबिगर दुसऱ्या कशाला हात लावला न्हाई मी. आन् तू मला लोकांचा जीव घेणारा म्हणायलीस?"

"मी तसं म्हणत नाही. खालचे खांब..."

"उभ्या हायेत इमारती! वीस-वीस वर्षं उभ्या हायेत. तू त्या पडल्यात म्हणून लिहायलीस."

त्याचा आवाज खाली आला. "बरं. यादी लाव. माझी नावं तेवढी मागं ठेव. दोन वर्षं दे. तवर मी माझ्या परीनं बघतो. भाऊ म्हणून एवढं तरी कर."

महानंदाने त्याच्याकडे पाहिलं. ओसरीतून तिला बिलगून बाहेर काढलं गेलेलं तीन वर्षांचं पोर तिला आठवलं. तिने आजवर त्याला कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

"काशिनाथ, पहिलं नाव मातोश्रीचंच आहे," ती म्हणाली. "तिथं सव्वाशे माणसं राहतात. दोन वर्षं मी त्यांच्याकडून कशी मागून घेऊ?"

हुग्गीची वाटी तशीच ठेवून तो उठला आणि हात धुवायला गेला. परत आलाच नाही.

यादी एप्रिलमध्ये नगरपरिषदेच्या फळ्यावर लागली आणि गाव पेटलं. लोकांनी महानंदाचं नाव भूकंपबाई ठेवलं. सभागृहात खास सभा भरली तेव्हा कापडाचे व्यापारी आणि नगरसेवक वसंत कोटलवार उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण गावाचं मन त्याला नेमकं कळायचं.

"सातशे वर्षांत झाला नाही तो उद्याच होणार का?" ते म्हणाले. "आणि भूकंपाचं गाव म्हणून नाव झालं तर आपल्या पोरांना पोरी कोण देणार? आहेत तेच बिनलग्नाचे फिरताहेत!"

हशा झाला. फरीदा उत्तर द्यायला उठली. तिने यंत्राबद्दल फार सांगितलं नाही.

"आपल्या देशात भूकंपांचा इतिहास म्हणजे मेलेल्यांचे आकडे," ती म्हणाली. "१९०५, कांगडा. १९३४, बिहार, शेतंच्या शेतं अशाच उसळलेल्या वाळूखाली गेली. १९५०, आसाम. १९६७, कोयना, तोवर दख्खनचा खडक हलत नाही असंच सगळे धरून चालले होते. मग किल्लारी, मग भुज. काय पडलं हे सगळे लिहितात. मी तुम्हाला काय उभं राहिलं ते सांगते. १९३५ साली, फाळणीच्या आधी, क्वेट्टा शहर मिनिटभरात भुईसपाट झालं. पण त्या शहरात रेल्वेची काही घरं होती. त्याच्या चार वर्षं आधी त्या भागात एक धक्का बसला होता, त्यावरून शिकून एका तरुण इंजिनिअरने ती वेगळ्या पद्धतीने बांधली होती. ती उभी राहिली. आसामात १८९७ नंतर लोकांनी दगडी भिंती सोडून बांबूची हलकी घरं बांधली, ती पुढच्या भूकंपात तगली. भुजला सिमेंटची घरं पडली आणि त्याच भागातले मातीचे गोल भुंगे शाबूत राहिले. म्हणजे माती वाईट आणि सिमेंट चांगलं असं काही नसतं. कोण शिकलं आणि कोण नाही, एवढाच फरक असतो. त्या लोकांना शिकायला आधी एक भूकंप सोसावा लागला. तुम्हाला तो न सोसता शिकता येणार आहे."

तेवढ्यात मागच्या रांगेतून काशिनाथ उभा राहिला. बहिणीकडे त्याने पाहिलं नाही.

"बाई, बोलणं ग्वाड हाय तुमचं," तो फरीदाला म्हणाला. "बसस्थानकामागं माझी एक चार मजली बिल्डिंग अर्धवट हाय. माणूस राहत न्हाई. लावा तिला काय यंत्र लावायचं ते. हलवा. पडली तर मी हरलो. न्हाई पडली तर ही यादी फळ्यावरनं काढायची."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फरीदाने महानंदाकडे पाहिलं. महानंदाने होकाराची मान हलवली.

तयारीला सहा महिने लागले. मधल्या काळात पंचमी आली आणि गेली. माहेरचं बोलावणं आलं नाही. महानंदाने घरीच पुरणाचे दिंड केले आणि एकटीनेच खाल्ले.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी बसस्थानकाचा परिसर मोकळा करून भोवती दोरी बांधली गेली. इमारतीच्या गच्चीवर चार यंत्रं बोल्टने आवळून बसवली होती. प्रत्येकात मोठी चाकं, आणि चाकांच्या एकाच बाजूला वजनं. चाकं फिरली की इमारत मागेपुढे झुलणार, जशी ती भूकंपात झुलेल. वाळूच्या पोत्यांनी वरचे मजले भरले होते, माणसं आणि सामान यांच्या वजनाइतके. आजूबाजूच्या गच्च्या लोकांनी फुलून गेल्या होत्या. काशिनाथ दोरीच्या अलीकडे, हाताची घडी घालून उभा होता.

पहिल्या टप्प्याला काहीच झालं नाही. कुणीतरी शिट्टी वाजवली. दुसऱ्या टप्प्याला खांबांच्या डोक्याशी गिलावा सुटून पडला आणि धूळ उडाली. काशिनाथची घडी सुटली नाही. फरीदाने हात वर केला, तिसरा टप्पा सुरू झाला. चाकांचा घुमघुमाट वाढला. इमारत झुलताना आता नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. मग बार उडाल्यासारखे एकामागून एक आवाज झाले.

इमारत आडवी झाली नाही. ती खाली बसली. वरचे तीन मजले जसेच्या तसे, खिडक्यांच्या चौकटींसकट, एक मजला खाली आले आणि थांबले. गाड्यांची जागा नाहीशी झाली होती.

परवानगी मिळाल्यावर काशिनाथ दोरीखालून वाकून पुढे गेला. महानंदा त्याच्या मागोमाग गेली. कडेच्या एका मोडक्या खांबापाशी तो उकिडवा बसला. उभ्या सळया बंध सुटलेल्या जुडीसारख्या फाकल्या होत्या. त्यांना कवेत धरणाऱ्या रिंगा, चौकोनी वाकवलेल्या सळया, तोंडं उघडून लोंबत होत्या. त्याने दोन रिंगांमध्ये हात ठेवून अंतर पाहिलं. वीत भरून वर दोन बोटं उरली.

"चार बोटं पायजे होतं," तो म्हणाला. "मीच सांगितलं होतं मेस्त्रीला. वीतभर चालतंय म्हणून. सगळेच करत होते की, अक्का."

"हं."

"मातोश्रीत बी वीतभरच हाय."

"माहीत आहे. स्कॅनरमध्ये दिसलं होतं."

"मग त्या दिवशी सांगितलं का न्हाईस?"

"तू जेवणावरून उठून गेलास," महानंदा म्हणाली. "हात धुऊन परत आला असतास तर सांगितलं असतं."

तो हसला की रडला ते तिला कळलं नाही, कारण त्याने धुळीने भरलेला रुमाल तोंडावर धरला होता. मग तो उठला आणि दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माणसांना मोठ्याने म्हणाला, "हरलो बाबांनो. उद्यापासून मातोश्री खाली करायची. मी सोय करतो सगळ्यांची."

पुढची सात वर्षं तांबेगाव ठोकाठोकीने दुमदुमत राहिलं. खांबांभोवती नवी सळई आणि नवं काँक्रीट घालून ते जाड केले. मोकळ्या पार्किंगमध्ये मध्ये मध्ये भिंती उभ्या राहिल्या, कुठे लोखंडाच्या तिरप्या कैच्या बसल्या. गाड्या लावायच्या जागेवरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत तंटे झाले, दोन सोसायट्या कोर्टात गेल्या, एका घरातल्या भाऊबंदांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. शाळा आणि दवाखाना आधी झाले. काशिनाथने दर शनिवारी मेस्त्र्यांचा वर्ग सुरू केला. साठ-सत्तर माणसं जमायची आणि साठीला टेकलेला हा माणूस सळई हातात घेऊन शिकवायचा: "रिंगेचं टोक असं काटकोनात सोडलं की उघडतंय. आत वळवा, खांबाच्या पोटात. भूकंप इथंच बोट घालतो, ध्यानात ठेवा." आपली चूक सांगताना तो कचरत नसे. त्यामुळेच बाकीच्यांनाही आपापल्या चुका सांगाव्याशा वाटत, आणि कुठल्या इमारतीत काय राहून गेलंय ते स्कॅनरच्या आधीच कळे.

मातोश्री दुरुस्त झाली, पण लोक परत राहायला येईनात. "एकदा यादीत आलेलं घर," ते म्हणायचे. मग महानंदाने निवृत्त होताना स्वतःचं घर भाड्याने दिलं आणि मातोश्रीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. दोन महिन्यांत खालचे-वरचे दोन बिऱ्हाडकरू परतले. वर्षभरात इमारत भरली. कोटलवारांनी सगळ्यात उशिरा, २०४७ साली, आपली दुकानाची इमारत पक्की करून घेतली आणि त्याच महिन्यात मुलाचं लग्न केलं. मुलगी लातूरची मिळाली.

१५ मार्च २०५०. मंगळवार, बाजाराचा दिवस. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. महानंदा स्वयंपाकघरात कढीला फोडणी देत होती. आधी आवाज आला, भरलेला ट्रक जिन्यातून वर चढावा तसा. तिने गॅस बंद केला. तेवढी एक गोष्ट करायला वेळ मिळाला, मग जमीन बाजूला सरकली.

ती जेवणाच्या टेबलाखाली गेली. जिन्याकडे धावायचं नसतं, हे तिनेच गावाला शिकवलं होतं. पण पाय जिन्याकडेच निघाले होते, त्यांना तिने आवरलं. डबे फडताळातून खाली आले. कपाट आडवं झालं. इमारत करकरत होती, आणि त्या करकरीत तिचे कान एकाच आवाजाची वाट बघत होते, त्या बार उडाल्यासारख्या आवाजाची. ती मोजत होती. सात. आठ. टेबलाचा पाय तिने दोन्ही हातांनी धरला होता. बारा. तेरा. अठराला हलणं थांबलं.

तो आवाज आला नव्हता.

मग तिला गलका ऐकू आला. रस्त्यावर माणसं एकमेकांना नावं घेऊन हाका मारत होती, गाड्यांचे भोंगे वाजत होते, कुत्री भुंकत होती, खालच्या मजल्यावरची बाई नवऱ्याला शिव्या देत होती. सहा वर्षांची असताना धरणी थांबल्यावर जी शांतता पसरली होती, ती तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. त्या शांततेची तिला भीती होती, भूकंपाची नव्हे. टेबलाखाली बसून ती त्या गलक्याकडे कान देऊन राहिली आणि मग जिना उतरून खाली आली. जिना जागेवर होता.

"अक्का! ए अक्का!" काशिनाथ रस्त्यातून धावत येत होता, एका पायात चप्पल नव्हती. जवळ आल्यावर त्याने तिच्या खांद्याला हात लावून पाहिलं, आणि मग तिच्याऐवजी इमारतीकडे वळून खांब बघत सुटला. एकेका खांबावर तळवा फिरवत तो पार्किंगच्या टोकापर्यंत गेला. "केसाएवढी चीर हाय," परत येऊन तो म्हणाला. "केसाएवढी, अक्का."

भूकंप ६.६चा होता. दुपारपर्यंत पूर्ण हिशेब लागला. दोनशे बारापैकी एकही इमारत बसली नव्हती. दवाखान्याचे गेलेले दिवे बाराव्या मिनिटाला पुन्हा लागले होते. संध्याकाळी मुंबईहून कॅमेरेवाले आले आणि पडझड कुठे आहे म्हणून विचारत गावभर फिरले. कुणीतरी त्यांना देवळाचा कळस दाखवला, तो वाकला होता.

पण तिघं गेली होती. एक म्हातारे गृहस्थ हृदय बंद पडून गेले. बांगड्या विकणाऱ्या मोत्याबाई सगर आणि फळवाले इस्माईल बागवान कापडबाजारात होते. दुकानांच्या गच्चीवरचा विटांचा कठडा त्यांच्यावर पडला. यादीत खांब होते, भिंती होत्या, जिने होते. कठडे नव्हते. महानंदा दोन्ही घरी गेली. बागवानांच्या ओट्यावर ती बराच वेळ बसली आणि शेवटी त्यांच्या मुलीला म्हणाली, "हे माझ्याकडून राहिलं, बाळ." मुलीने पाणी आणून दिलं.

परतताना काशिनाथ म्हणाला, "अक्का, सगळंच एका माणसाला सुचंल का?"

"सुचायला हवं होतं," ती म्हणाली. "उद्या सकाळी मेस्त्र्यांना बोलाव. गावातला एकही कठडा बिनआधाराचा राहता कामा नये."

त्रेसष्टाव्या वर्षी ती पुन्हा शिड्या चढू लागली. वर्षाअखेर कठडे संपले. आजूबाजूच्या अकरा गावांनी फरीदाला चर खणायला बोलावणं पाठवलं, आणि तिथे महानंदा आणि काशिनाथ दोघंही जाऊ लागले.

२०५२च्या जानेवारीत फरीदा तांबेगावला आली ती एक जाडजूड पुस्तक घेऊन. देशातल्या विध्वंसक भूकंपांची सूची तज्ज्ञांच्या एका समितीने नव्याने तयार केली होती. तिघं मातोश्रीच्या गच्चीवर उन्हात बसली होती. महानंदाने चष्मा लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली. कच्छ १८१९. शिलाँग १८९७. कांगडा, बिहार, क्वेट्टा, आसाम, कोयना. १९९३च्या पानावर ती थोडा वेळ थांबली. तिथे फक्त आकडे होते. मग तिने पुढची पानं उलटली, शेवटच्या पानापर्यंत आली, परत मागे गेली.

"आपलं कुठाय?" काशिनाथने तिच्या खांद्यावरून डोकावत विचारलं.

"नाही," फरीदा म्हणाली. "समितीने निकष ठरवलेत. पडलेली घरं किती, गेलेली माणसं किती. तांबेगाव त्यात येत नाही. साध्या नोंदवहीत आहे, इतर शेकडो भूकंपांसारखा एका ओळीत. मी त्यांच्याशी भांडले नाही."

काशिनाथला ते पटेना. "म्हंजी? सात वर्षं खपलो आम्ही. सहा पूर्णांक सहाचा भूकंप! आन् ह्या लोकांनी तो मोजलाच न्हाई?"

महानंदाने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. दहा वर्षांच्या ओळखीत फरीदाने तिला इतकं मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं.

"नाही मोजला," ती डोळे पुसत म्हणाली. "काशिनाथ, अरे, नाही मोजला!"